भिजलेली फाईल आणि तिसरी प्रत

ऑगस्ट २०१९ मधली गोष्ट. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या आठवड्यात पाण्याने ५७ फुटांची खूण ओलांडली होती. गावभागात होड्या फिरत होत्या. पूरग्रस्तांसाठी एका शाळेत उघडलेल्या छावणीत आम्ही डॉक्टर मंडळी बाकांवर औषधांचे खोके मांडून बसलो होतो. साठी ओलांडलेले एक गृहस्थ समोर आले. चार दिवस गोळी नाही म्हणाले. कसली गोळी, विचारले.

"पांढरी हुती सायेब. आर्धी घ्यायची रोज."

"फाईल आहे का?"

"फाईल पेटीत हुती. पेटी पाण्यात गेली बघा."

सदऱ्याची बटणे काढली तेव्हा छातीच्या मधोमध उभा व्रण दिसला. स्टेथोस्कोप लावला तर घड्याळासारखी टिकटिक ऐकू आली. हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलेली होती. अशा रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. ती चुकली तर झडपेवर गुठळी धरू शकते आणि जास्त झाली तर रक्तस्राव होतो. झडप कोणती, गोळी कोणती, मात्रा किती, शेवटची आयएनआर तपासणी किती आली होती, हे सगळे त्या पेटीतल्या कागदांवर लिहिलेले होते आणि पेटी गाळात होती.

माहिती मिळाली ती योगायोगाने. दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेसाठी मदत मिळवताना त्यांनी डिस्चार्ज कार्डाचा फोटो मुंबईच्या पुतण्याला पाठवला होता आणि पुतण्याने तो काढून टाकला नव्हता. तासाभरात तो फोटो माझ्या मोबाईलवर आला आणि गोळी त्याच दुपारी सुरू झाली.

त्या गृहस्थांना वाचवणारी गोष्ट म्हणजे घराबाहेर, दुसऱ्या गावात असलेली एक प्रत. ती नशिबाने होती. ती नशिबावर न सोडता घरच्या घरी कशी ठेवता येईल, हे आज सांगायचे आहे. मी संगणकतज्ज्ञ नाही, सरकारी रुग्णालयात काम करणारा डॉक्टर आहे. पण गेल्या काही वर्षांत माधवनगरच्या घरी ही व्यवस्था उभी केली आहे आणि चुका करत शिकलो आहे.

जुना कागद कशासाठी लागतो?

"रिपोर्ट जुना आहे, टाकून देऊ का?" असे पुष्कळजण विचारतात. जुना आहे म्हणूनच तो मोलाचा आहे. आजचा क्रिएटिनिन १.६ आला, तर तो गेल्या वर्षी १.५ होता की ०.९, यावर पुढचा सगळा विचार ठरतो. पहिल्या बाबतीत मूत्रपिंडाचा आजार जुना आणि संथ आहे, दुसऱ्या बाबतीत काहीतरी नवे आणि तातडीचे घडले आहे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, स्टेंटचे कार्ड, पेसमेकरची माहिती, गाठीचा बायॉप्सी रिपोर्ट या गोष्टी रुग्णाला तोंडपाठ नसतात आणि नसाव्यातही.

रुग्णालयात सगळे असेलच, असे धरून चालू नये. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. दहा वर्षांपूर्वीचे कागद मिळतीलच असे नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी 'आभा' क्रमांक जरूर काढावा, पण तुमच्या कपाटातले जुने कागद त्यात आपोआप जाऊन बसत नाहीत. ते तुम्हालाच स्कॅन करावे लागतात.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ईसीजीची पट्टी आणि सोनोग्राफीचे छोटे फोटो बहुधा थर्मल कागदावर असतात. त्यावर शाई नसते, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. उन्हात, उबेत आणि काही प्रकारच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ही अक्षरे काही वर्षांत फिकी पडतात. जपायचे म्हणून कुणी लॅमिनेशन केले, तर त्या उष्णतेने सगळी पट्टी काळी पडते. असे काळे ईसीजी माझ्याकडे अनेकांनी मोठ्या काळजीने आणून दाखवले आहेत.

आमच्या घरातली चूक

पुरानंतर मी आईचे आणि दिवंगत वडिलांचे सगळे कागद मोबाईलवर स्कॅन केले. वडील मधुमेही होते. त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली साखरेच्या नोंदींची एक वही होती. तिला वाळवी लागलेली, म्हणून पान पान फोटो काढले आणि वही टाकून दिली. मोबाईल, लॅपटॉप आणि इंटरनेटवरची साठवण अशा तीन ठिकाणी हे फोटो आपोआप पोहोचत होते. तीन प्रती आहेत, मग काळजी कसली!

पुढच्या वर्षी मोबाईल भरला. जागा करायची म्हणून मी तो फोल्डर मोबाईलवरून काढला. बाकी दोन ठिकाणी आहेच, असे समजलो. प्रत्यक्षात मोबाईलवरून गेलेली फाईल काही मिनिटांतच लॅपटॉपवरून आणि इंटरनेटवरूनही गेली. तिकडच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहिली होती. माझ्या लक्षात आले दीड महिन्याने. आईचे बरेचसे कागद कपाटात होते, ते पुन्हा स्कॅन केले. तिच्या २०१६ च्या ईसीजीची पट्टी फिकी झाली होती, तरी वाचता येत होती. वडिलांच्या अक्षरातली वही मात्र कायमची गेली.

ज्याला मी तीन प्रती समजत होतो, ती एकाच फाईलची तीन दारे होती.

सिंकिंग म्हणजे आरसा, बॅकअप म्हणजे जुना फोटो

इथे दोन शब्द वेगळे करून घ्यायला हवेत. सिंकिंग म्हणजे दोन-तीन उपकरणांवरचा फोल्डर सतत सारखा ठेवणे. ते आरशासारखे आहे. चेहऱ्याला जखम झाली की आरशातही लगेच जखम दिसते. चुकून पुसलेली, बिघडलेली किंवा व्हायरसने कुलूपबंद केलेली फाईल तशीच्या तशी सगळीकडे पोहोचते. बॅकअप म्हणजे अल्बममधला जुना फोटो. आज काहीही झाले तरी गेल्या रविवारचा चेहरा त्यात तसाच राहतो. सिंकिंग सोयीसाठी असते आणि बॅकअप संकटासाठी. घराला दोन्ही लागतात.

बॅकअपची किंमत आपल्या देशाने २०२२ मध्ये पाहिली. २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने, कागदावर करावी लागली. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. एवढ्या मोठ्या रुग्णालयालाही शेवटी वाचवले ते वेगळ्या ठेवलेल्या प्रतीने.

या विषयातला साधा नियम ३-२-१ असा सांगितला जातो. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. माहितीच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर. आपल्या भागात त्याला मी एक पुस्ती जोडतो: ती बाहेरची प्रत त्याच पुरात बुडणारी नसावी. २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर एकाच आठवड्यात पाण्याखाली होते. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५४ फुटांच्या पुढे गेले, तेव्हाही दोन्हीकडे पूर होता. सांगलीची प्रत कोल्हापूरच्या पाहुण्यांकडे ठेवून उपयोग नाही. आमचे माधवनगर नदीपासून दूर आणि त्यामानाने उंचावर आहे. बाहेरची प्रत आम्ही विट्याला माझ्या धाकट्या बहिणीकडे ठेवली. दुष्काळी तालुक्यात सासर मिळाल्याचा असाही उपयोग होतो, असे ती म्हणते.

आमच्या घरची मांडणी

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा भाचा, म्हणजे तिचाच मुलगा, दिवाळीला आला तेव्हा दोन दिवसांत हे बसवले. घरातला एक जुना लॅपटॉप घेतला. त्याची बॅटरी ठीक होती, त्यामुळे वीज गेली तरी तो काही वेळ चालू राहतो. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र असा लॅपटॉप वापरू नये. नवीन घ्यायचे असेल तर रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक पुरतो. तो साधारण ५ वॅट वीज घेतो, म्हणजे चोवीस तास चालवून महिन्याला चार युनिटांच्या आत. जुना डेस्कटॉप ५० वॅट घेत असेल तर तेच ३६ युनिट होतात.

सिंकिंगसाठी 'सिंकथिंग' हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. त्यात मधे कुणाची साठवण नसते. आमचे मोबाईल आणि घरचा लॅपटॉप एकमेकांना ओळख क्रमांकाने ओळखतात आणि फाईल थेट एकमेकांना देतात. वाटेत ती सांकेतिक रूपात जाते. बाहेरगावी असतानाही हे चालते, त्यासाठी राउटरमध्ये काही उघडून ठेवावे लागत नाही. अँड्रॉइडवरचे त्याचे मूळ अ‍ॅप २०२४ च्या अखेरीस बंद झाले, पण त्याच कुळातले दुसरे अ‍ॅप स्वयंसेवक चालवतात. ज्यांना कॅलेंडर, फोटो, संपर्क असे सगळे एकत्र हवे, त्यांच्यासाठी 'नेक्स्टक्लाउड' आहे. ते बसवायला आणि सांभाळायला थोडे अधिक काम पडते. आईच्या कागदांचा फोल्डर माझ्या, पत्नीच्या आणि विट्याच्या बहिणीच्या मोबाईलवर असतो. सिंकथिंगमधली जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय लॅपटॉपवर चालू केली आहे. माझ्यासारखे हात चालवणाऱ्यांसाठी ती हवीच.

बॅकअपसाठी 'रेस्टिक' वापरतो. तेही मोफत आहे. दर रविवारी लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क जोडायची, आज्ञा द्यायची, काम झाले की डिस्क काढून कपाटात ठेवायची. डिस्क कायम जोडून ठेवली तर लॅपटॉपमध्ये शिरलेला व्हायरस तिलाही गाठतो. रेस्टिक दर वेळी फक्त बदललेला भाग साठवते, त्यामुळे जागा कमी लागते. शेवटच्या सात फेऱ्या आणि प्रत्येक महिन्याची एक, एवढ्या प्रती आम्ही राखतो. ज्यांना आज्ञा टाइप करायला नको वाटते, त्यांच्यासाठी 'कोपिया' आहे. त्यात बटणे दाबून हेच काम होते.

अशा डिस्क दोन आहेत. एक माधवनगरला, एक विट्याला. दर दोन-तीन महिन्यांनी जाणे होते तेव्हा अदलाबदल करतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो. या व्यवस्थेत फक्त आमच्या कुटुंबाचे कागद आहेत. रुग्णालयातल्या रुग्णांची माहिती तिथल्या व्यवस्थेतच राहिली पाहिजे. ती घरच्या संगणकावर आणणे कोणत्याही डॉक्टरने करू नये.

कुलूप आणि किल्ली

आजाराचे कागद ही खासगी गोष्ट आहे. कुणाची मानसिक आजाराची गोळी, कुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट, कुणाचा गर्भपात हे कागद भलत्याच्या हाती पडले तर लग्न, नोकरी, विमा सगळ्यांवर परिणाम होऊ शकतो. प्रवासात डिस्क हरवली तर? दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमधून कुणी कॉपी केली तर? म्हणून बॅकअप एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूपबंद असावा. रेस्टिकमध्ये हे आपोआप होते. पासवर्ड नसेल तर त्या डिस्कवर निरर्थक अक्षरांपलीकडे काही दिसत नाही. त्यासाठी वापरली जाणारी एईएस ही पद्धत दोन बेल्जियन संशोधकांनी तयार केली आणि अमेरिकेने २००१ मध्ये ती प्रमाण म्हणून स्वीकारली. बँकांचे व्यवहारही तिच्यावरच चालतात. सिंकथिंग मात्र मोबाईलवरच्या फाईलला कुलूप लावत नाही. तिथे मोबाईलचे स्वतःचे लॉकच कामाला येते, म्हणून ते पक्के हवे.

इंटरनेटवरची विकतची साठवण वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. तीही एक प्रत म्हणून ठेवता येते, फक्त आधी कुलूप लावून मग पाठवावी. तिच्यावर एकट्यावर मात्र विसंबू नये. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल काढून टाकू शकते. अमेरिकेत एका वडिलांनी आजारी मुलाचे फोटो डॉक्टरांच्या सांगण्यावरून काढले. यंत्रणेने ते आक्षेपार्ह ठरवले आणि त्यांचे खाते बंद झाले. पोलिसांनी निर्दोष ठरवूनही ते त्यांना परत मिळाले नाही, अशी बातमी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दिली होती.

कुलूप पक्के असण्याची दुसरी बाजूही आहे. किल्ली हरवली तर जगात कुणीही ते उघडू शकत नाही. 'पासवर्ड विसरलात का?' असे विचारणारे बटण इथे नाही. मी मोठ्या अभिमानाने पत्नीला हे सगळे दाखवत होतो तेव्हा तिने विचारले, "पासवर्ड कुणाला माहीत आहे?"

"मला."

"आणि तुम्हीच आयसीयूत असलात तर?"

तीस वर्षे मी नातेवाइकांना हेच विचारत आलो, 'कागद कुठे आहेत, घरात कुणाला माहीत आहे?' आणि माझ्याच घरात उत्तर नव्हते. त्याच रात्री एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द निवडून पासवर्ड केला आणि दोन कागदांवर लिहिला. एक पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये गेले, दुसरे पुण्याला भाच्याकडे. विट्याला डिस्क आहे, म्हणून तिथे पाकीट ठेवले नाही. कुलूप आणि किल्ली एकाच घरात नको. पाकिटात 'डिस्क कुठे, सॉफ्टवेअर कोणते, उघडायचे कसे' हेही साध्या मराठीत लिहून ठेवले आहे.

परीक्षा घेतल्याशिवाय बॅकअप नव्हे

पहिल्याच वर्षी खंडेनवमीला पूजेसाठी संगणक बाहेर काढला, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, फूल वाहायच्या आधी एक फाईल परत काढून दाखवा." काढायला गेलो तर डिस्कवरची शेवटची प्रत चार महिन्यांपूर्वीची निघाली. केबल ढिली होती. दर रविवारी आज्ञा दिली जात होती, पण काम पुरे होत नव्हते आणि पडद्यावरचा संदेश मी वाचत नव्हतो. रक्तदाबाची गोळी घेतो पण रक्तदाब मोजत नाही, अशा रुग्णांना मी रोज रागावतो. त्यांच्यात आणि माझ्यात काहीच फरक उरला नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडे नेम आहे. खंडेनवमीला आणि गुढीपाडव्याला कोणतीही दोन कागदपत्रे बॅकअपमधून परत काढायची आणि उघडून वाचायची. एकदा मी, एकदा पत्नी. तिलाही पाकिटातल्या कागदावरून ते जमले, तेव्हा मला व्यवस्था पुरी झाल्यासारखी वाटली.

विट्याहून आलेला फोन

गेल्या हिवाळ्यात आई विट्याला होती. वय ८२. पहाटे बाथरूममधून येताना चक्कर येऊन बसली, छातीत जड वाटते म्हणाली. बहिणीने तिला जवळच्या दवाखान्यात नेले. ईसीजीत हृदयाच्या विद्युतवाहिनीच्या डाव्या शाखेत अडथळा दिसला, ज्याला आम्ही लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक म्हणतो. छातीच्या तक्रारीबरोबर हा बदल नवा असेल तर तो मोठ्या झटक्याची खूण असू शकतो, आणि जुना ईसीजी समोर नसेल तर डॉक्टरला तो नवा समजूनच पळापळ करावी लागते.

बहिणीने मला फोन केला तेव्हा मी ड्यूटीवर होतो, उचलता आला नाही. तिने वाट पाहिली नाही. स्वतःच्याच मोबाईलमधला फोल्डर उघडून २०१६ चा तो फिका ईसीजी तिथल्या डॉक्टरांना दाखवला. अडथळा तेव्हाही होता, अगदी तसाच. केवळ त्यावर विसंबून कुणी घरी पाठवत नाही. ट्रोपोनिनची रक्ततपासणी दोनदा झाली, आई दिवसभर निरीक्षणाखाली होती. औषधांच्या यादीवरून रक्तदाबाच्या दोन गोळ्यांनी दाब फार उतरल्याचे त्याच डॉक्टरांच्या लक्षात आले. संध्याकाळी ती घरी आली.

मी परत फोन केला तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, तू नव्हतास, पण कागद होता."

आजपासून काय करता येईल?

सगळे एकदम करायला नको. या रविवारी फक्त थर्मल कागद बाहेर काढा आणि दिवसाच्या उजेडात स्कॅन करा. ईसीजीची पूर्ण पट्टी, तारीख आणि नाव दिसेल अशी घ्या. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात. सीटी किंवा एमआरआयची लिंक मिळाली असेल तर ती बंद पडण्याआधी उतरवून घ्या. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी एक पान करा: आजार, चालू औषधे व मात्रा, अ‍ॅलर्जी, शस्त्रक्रिया, शरीरात बसवलेली उपकरणे. ते पान दोन जणांच्या मोबाईलमध्ये असू द्या.

पुढच्या महिन्यात एक डिस्क घ्या, कुलूपबंद बॅकअप करा, त्यातून एक फाईल परत काढून पाहा. मग दुसरी डिस्क, आणि ती पाण्यापासून दूरच्या नातेवाइकाकडे. घरात कॉलेजला जाणारे मूल असेल तर त्याला हे काम सांगा. दोन दिवसांत बसवून देईल. पासवर्डचे पाकीट मात्र तुम्ही स्वतः ठेवा, आणि ते कुठे आहे हे घरात आणखी एका माणसाला आजच सांगा.